तीन क्रेडिटांची वही

२७ जानेवारी, मंगळवार

लिही. माझं नाव सेनोबिया कान्तू. वय शहात्तर. कागदावर चौऱ्याहत्तर, कारण जन्माच्या नोंदी करणारा कारकून आमच्या वस्तीवर दोन वर्षं उशिरा उगवला. मी चालत जाऊन त्याच्या टोपीत बसले, तरी त्याने मला तान्हं बाळ म्हणून लिहून घेतलं. मला अक्षर येत नाही, हेही सुरुवातीलाच टाक. म्हणजे पुढे चूक सापडली तर ती माझी नव्हे, हे वाचणाऱ्याला कळेल.

"आजी, चुकासुद्धा तुझ्याच हव्यात, असं प्रोफेसर म्हणालेत," नेरे म्हणते.

नेरे, म्हणजे नेरेइदा, माझ्या उबाल्दोची मुलगी. वय सतरा. अजून शाळेत आहे, आणि कॉलेजातही आहे. मला हे कळायला दोन वर्षं लागली. दर गुरुवारी कॉलेजातून व्हिटाकर नावाचा प्रोफेसर शाळेत येतो. बाक तेच, फळा तोच, खिडकीबाहेरचं लिंबाचं झाडही तेच. पण तो वर्गात शिरला की तेवढ्या तासापुरती पोरं कॉलेजात जातात, आणि तो गेला की परत शाळेत. तासाला हजर राहून परीक्षा पास झालं की कॉलेज क्रेडिटं देतं. साठ झाली की दोन वर्षांची पदवी. नेरेची सत्तावन्न झालीत. मी पेट्यांच्या हिशेबाने समजून घेतलंय : साठ पेट्यांची गाडी, सत्तावन्न भरल्या, तीन राहिल्या. त्या तीन म्हणजे ही वही.

इतिहासाच्या तासाला प्रोफेसरने सांगितलंय, घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाचं रोजचं बोलणं मेपर्यंत लिहून काढा. चौदा मेला वही द्यायची, सगळ्यांसमोर उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यायची. सोळा मेला झगा, चौकोनी टोपी, कॉलेजची पदवी. शाळेचा दाखला त्यानंतर दोन आठवड्यांनी. म्हणजे बारशाच्या आधी वरात. पण वरात मोठी आहे. त्या पदवीवर वरच्या मोठ्या विद्यापीठाने नेरेला एकदम तिसऱ्या वर्षाला घेतलंय, राहण्या-जेवणासकट. अट एकच. साठ म्हणजे साठ.

माझ्या बडबडीला कुणी तीन क्रेडिटं देईल हे माझ्या नवऱ्याला सांगायला हवं होतं. तो चाळीस वर्षं फुकट ऐकून गेला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

झगा आला. लालभडक, ढगळ. मी इस्त्री करून तो दारामागे टांगलाय, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दाखवावा लागत नाही, आपोआप दिसतो. आज शेजारच्या तिघी मीठ मागायला आल्या. तिघींच्याही घरी मीठ आहे.

एकीने "दोन्या", म्हणजे बाईसाहेब, असा मान देत विचारलं, "दोन्या सेनोबिया, तुम्हाला नाही का हो शिकावंसं वाटलं?" मी म्हटलं, मुळीच नाही. सात वर्षांची असताना माझ्या खांद्याला कापसाची पिशवी आली, ती माझ्यापेक्षा लांब होती. पुढे लग्न, मुलं, शेतमजुरीसाठी उत्तरेच्या फेऱ्या. आणि आता घरात वाचणारी आहे की. नेरे सात वर्षांची झाल्यापासून आमच्या घरातलं प्रत्येक पाकीट तीच फोडते. दवाखान्याचं, विजेचं, चर्चचं. ती जे वाचते तेच त्यात लिहिलेलं असतं.

आज एक गंमत पाहिली. माझं बोलून संपतं, तरी हिचा हात चालूच असतो. निळं पेन खाली ठेवते आणि पेन्सिल घेते.

"मी गप्प झाले, मग तू काय लिहितेस?"

"तपासतेय, आजी."

तपास. माझ्यात तपासण्यासारखं फार आहे.

(पानाच्या तळाशी, पेन्सिलीने :) तिला मुळीच शिकावंसं वाटलं नाही, हे खरं नाही. गेल्या वर्षी दार लोटून घेऊन ती माझ्या जुन्या वहीत तिच्या नावाचं पहिलं अक्षर गिरवत होती. मी फटीतून पाहिलं. आत गेले नाही.

१९ मार्च, गुरुवार

आज पिवळ्या कागदावर सही केली. हा कागद म्हणजे आमचा वसंत. उत्तरेला शेतावर जाणाऱ्या घरांना शाळा तो देते. घरातल्या मोठ्याने सही करायची, ऑफिसातली बाई शिक्का मारते, आणि मग सगळे मास्तर आपापली परीक्षा आधी घेऊन पोराला सोडतात. उबाल्दोच्या वेळी हा कागद हिरवा होता. त्याच्या जोरावर तो बारा वर्षं शाळा संपायच्या आधी गेला आणि सुरू झाल्यावर आला, तरी एक वर्ष वाया गेलं नाही. राणीचा परवाना असतो ना, तसा.

माझी सही म्हणजे एक क्रूस आणि खाली एक गोल. माझा नवरा म्हणायचा, येशू आणि टोमॅटो. उबाल्दोची सही चालली असती, पण हा मान माझा आहे.

"सगळ्या तासांना लागू आहे ना गं?" मी विचारलं.

"सगळ्या," नेरे म्हणाली. "ऑफिसात विचारलं मी. बाई म्हणाल्या, काळजी नको."

पंचवीस एप्रिलला निघायचं. मिशिगनात आम्ही तोडतो ते शतावरीचे कोंब एप्रिलच्या अखेरीस जमिनीवर येतात. त्यांना शिक्का लागत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

पोरगी आज जेवली नाही. घेवडा, मिरची, मक्याच्या गरम तोर्तिया, सगळं समोर. तिने एक तोर्तिया घेतली आणि तिचे तुकडे करत बसली.

मग म्हणाली, "आजी, समजा मी मागे राहिले तर? दोन-तीन आठवडे. चौदा मे झाला की बसने येईन."

"का?"

"असंच."

"असंच" म्हणताना माणसाच्या कानाचा रंग बदलत नाही. हिचे कान झग्यासारखे लाल झाले. मी शहात्तर वर्षांची आहे, चौऱ्याहत्तरची नव्हे.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"कोण नाही गं आजी. परीक्षेचं आहे."

"परीक्षा तर पिवळ्या कागदाने आधीच होणार. मग हा चौदा मेला काय देणार आहे तुला? नाव सांग. नाही सांगत? मग मीच ठेवते. एपिफानियो. मोठ्या कानांचा, आईचा लाडका, गाडी भावाची."

सूनबाई ओडिलिया इतकी हसली की तिला ठसका लागला. उबाल्दोनेही मान खाली घालून हसून घेतलं. नेरे पण हसली, थोडी उशिरा. मी सांगून टाकलं, मुलीला एकटं मागे ठेवायची आपल्यात रीत नाही. एपिफानियोचं प्रेम खरं असेल तर आपण ऑक्टोबरात परतेपर्यंत टिकेल.

मी बोलायची थांबले तरी पेन्सिल चालूच आहे. तपास, बये, तपास.

(पेन्सिलीने :) आज प्रोफेसर व्हिटाकरांना पिवळा कागद दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. म्हणाले, हा शाळेचा आहे, मी शाळेचा नाही. परीक्षा चौदा मेला, सगळ्यांची एकत्र, त्याच खोलीत. पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर तसं छापलंय आणि खाली माझी सही आहे. मी तो वाचला होता. मला वाटलं, पिवळा कागद त्याहून मोठा असतो. आमच्या घरात तोच सगळ्यांत मोठा आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

मिशिगनहून शेतमालकाचा फोन. उबाल्दोने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. अठ्ठावीसच्या सकाळपर्यंत पोचा, खोली तुमची. पण तीन जोड हात हवेत. दोन जोड हातांना खोली देत नाही, रांगेत दुसरी घरं आहेत. उबाल्दोने बोटं मोजली : मी, ओडिलिया, नेरे. झाले तीन.

नेरे म्हणाली, "आणि मी दोन आठवडे उशिरा आले तर?"

"तर खोली गेली," उबाल्दो म्हणाला. "मग गाडीत झोपायचं, की परत फिरायचं?"

तेव्हा मी म्हटलं, "मी बसते की शतावरीच्या गाडीवर. अजून बसू शकते."

काय हसले सगळे! ती गाडी जमिनीला घासत जाते. माणसं तिच्यावर वाकून बसतात, मान गुडघ्यांत, हात मातीत, आणि गाडी थांबत नाही. माझे गुडघे जिना पाहिला तरी कुरकुरतात, आणि छातीत डॉक्टरने जी जाळी घातलीय तिला वाकणं वर्ज्य आहे. "आई, तू बसलीस तर तुला उठवायला दुसरी गाडी लागेल," उबाल्दो म्हणाला. मीही हसले. काय करणार? पण मी थट्टा करत नव्हते. पन्नास हंगाम बसलेय मी त्या गाडीवर.

मग नेरेला चिडवलं, "एपिफानियोला सांग, आज्जीबाई पहारा देतेय."

ती उठून भांडी घासायला गेली. पोरीचा विनोद आटत चाललाय. कॉलेजचा परिणाम असेल.

(पेन्सिलीने :) मी तीनदा तोंड उघडलं. खरं कारण सांगितलं तर ती माझ्या जागी गाडीवर बसेल. बाबा नाही म्हणाले तरी बसेल. सगळे हसले, पण मी तिचा चेहरा पाहिला. तीन क्रेडिटांसाठी तिची छाती पणाला लावायची नाही. हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. अक्षरांचं हे एकच घर असं आहे जिथे आजी येऊ शकत नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

सामान बांधणं. मोठा तवा, जात्याचा दगड, येशूच्या आईची तसबीर, झगा. नेरे म्हणाली, झगा कशाला? मी म्हटलं, कशाला म्हणजे? सोळा मेला आपण इथे नसू, पण पदवी टपालाने येईल म्हणालीस ना? मग झगा तिथे घाल. पदवीला अंगावर काहीतरी हवंच.

शाळेच्या सगळ्या परीक्षा आधी घेऊन झाल्या. मास्तरांनी हिला मिठ्या मारल्या, म्हणे. वहीचं विचारलं तर म्हणाली, प्रोफेसर नंतर घेतील. भला माणूस दिसतो.

(पेन्सिलीने :) पुन्हा गेले होते. वही आत्ता घ्या म्हटलं. म्हणाले, वही चौदा मेपर्यंतची हवी, आणि तोंडी परीक्षेशिवाय नुसती वही उपयोगाची नाही. ते चांगलं बोलले. म्हणाले, अडचण मार्चमध्ये लेखी सांगितली असतीस तर वर विचारता आलं असतं. मार्चमध्ये मला अडचण आहे हेच माहीत नव्हतं. तासातून नाव काढून घ्यायची तारीखही गेली. आता वर्गात नसले तर नापास. मी त्यांना विचारलं, तुम्ही घरी फोन कराल का? म्हणजे तुम्ही एकट्या बाबांना सांगितलं तर ते ऐकतील. ते म्हणाले, कॉलेजच्या दृष्टीने तू सज्ञान आहेस, तुझ्या घरच्यांशी आम्हाला बोलता येत नाही.

१ मे, शुक्रवार

तीन दिवसांचा रस्ता. ओक्लाहोमात टायर फुटलं, मिझुरीत उबाल्दो आणि ओडिलिया भांडले, इंडियानात मिटलं. खोली तीच, चूल तीच, खिडकीची फुटकी काचही आमची वाट पाहत होती. सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं असतं. आमच्याकडे एव्हाना कुत्री सावली शोधत असतील.

पोरगी पहिल्या दिवसापासून गाडीवर. परत आली की कंबर धरून दारात उभी राहते. मी म्हटलं, विद्यापीठात गेलीस की खुर्चीवर बसशील, पाठीला टेका असलेल्या. तेव्हा आठवण ठेव.

१४ मे, गुरुवार

आज मी डबे घेऊन शेतावर गेले होते. दहाच्या सुमारास गाडी रांगेतून येत होती. पाच डोकी खाली, पाच जोड हात. एकदम एक डोकं वर झालं. नेरे. हात थांबलेले. कोंब तिच्या खालून न तोडता निघून चालले होते. मुकादम ओरडला, "ए, झोपलीस का?" तरी ती समोर बघतच राहिली. समोर काहीही नव्हतं. एक पाण्याची टाकी होती.

मी मनात म्हटलं, एपिफानियो.

दुपारी लिहायला बसलो तेव्हा विचारलं, "आज तारीख काय?"

"चौदा."

"म्हणजे आज वही द्यायची ना?"

"दिली, आजी. निघायच्या आदल्या दिवशी घेतलीच त्यांनी."

"मग ही कुठली?"

"ही नक्कल आहे."

बरं. मला अक्षर कळत नाही, पण डाग कळतात. फेब्रुवारीत वहीच्या पुठ्ठ्यावर माझ्याच हातून मिरचीचा रस सांडला होता, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. नकलेवरही तो त्याच जागी सांडलाय. कॉलेजवाले नक्कल फार बारकाईने करत असावेत.

आज पेन्सिल हलली नाही. मी थांबले की दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते.

१६ मे, शनिवार

झगा घातला! चिखलाच्या बुटांवर. सगळी मजूरवस्ती जमली. ओडिलियाने भाताची खीर केली. उबाल्दोने भाषण करायला तोंड उघडलं आणि रडला. मी कधी रडत नाही, पण चुलीचा धूर होता. फोटो काढला. फोटोत नेरे सरळ उभी आहे, टोपी थोडी तिरपी, आणि मी तिच्या काखेत, तिचीच पदवी असल्यासारखी.

"हस की गं," मी म्हटलं.

"हसतेय, आजी."

(पेन्सिलीने :) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला प्रत्येक टाळी ऐकू आली.

१० जून, बुधवार

दोन पाकिटं आली, दोन्ही खिडकीवाली. खिडकीवालं पाकीट चांगली बातमी क्वचितच आणतं. नेरेने दारात उभं राहून फोडली. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. ते डावीकडून उजवीकडे गेले, मग परत पहिल्यापासून, मग परत.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, सगळं पोचलं. तीन क्रेडिटं जमा."

"आणि दुसरं?"

"विद्यापीठाचं. ते म्हणतात…" ती थांबली. "म्हणतात, यंदा खोल्या भरल्यात. मी पुढच्या वर्षी यावं."

खोल्या भरल्या. एवढं मोठं विद्यापीठ आणि त्यांचं मिशिगनच्या शेतमालकासारखंच. मी म्हटलं, तीन जोड हात नव्हते ना तुझे. ती हसली. चांगलं हसली, आवाजासकट. मला बरं वाटलं.

(पेन्सिलीने :) पहिल्यात लिहिलंय : इतिहास, नापास. एकूण क्रेडिटं सत्तावन्न. पदवी नाही. हा शेरा नोंदीत कायम राहील. दुसऱ्यात लिहिलंय : पदवीची अट पूर्ण न झाल्याने प्रवेश आणि राहण्या-जेवणाची सोय मागे घेत आहोत. पुढच्या वर्षाबद्दल काही नाही. पुढचं वर्ष मी घातलं. दहा वर्षं मी या घराची पत्रं वाचतेय, आणि त्यात नसलेलं आज पहिल्यांदा वाचलं. ती म्हणते, मी वाचते तेच त्यात लिहिलेलं असतं.

१९ जुलै, रविवार

(वेगळ्या कागदावर, दुसऱ्या अक्षरात.)

आज माझी लेखनिक बदललीय. ही आरासेली बाई. वस्तीवरच्या पोरांना रविवारी शिकवायला येते, आमच्याच बाजूची, गालावर खळी. नेरे आणि तिची आई कपडे धुवायला गावात गेल्यात.

मी वही काढली आणि बाईला म्हटलं, वेळ असेल तर टायर फुटल्याचं पान वाचून दाखव, मला माझंच ऐकायचंय. तिला पान सापडेना, म्हणून तिने पहिल्यापासून सुरू केलं. मी हसत होते. टोपीत बसलेलं बाळ, मीठ मागणाऱ्या तिघी. आपण इतके विनोदी असतो हे आपल्याला कोण सांगणार!

मग ती वाचू लागली, "तिला मुळीच शिकावंसं वाटलं नाही, हे खरं नाही."

मी म्हटलं, थांब. हे मी बोलले नाही.

ती म्हणाली, "हे पेन्सिलीने आहे, दोन्या सेनोबिया. खाली, बारीक अक्षरात. सोडू का?"

मी म्हटलं, एकही सोडू नकोस.

तिने सगळं वाचलं. मे महिन्याच्या पानावर तिने वही मिटायला घेतली. मी पाणी दिलं आणि म्हटलं, वाच. चूल विझली तरी उठले नाही.

बाईने तिथल्या तिथे तिच्या ओळखीच्या, कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, लागलेला शेरा निघत नाही. तोच तास पुन्हा घेता येतो, पण त्याने विद्यापीठाची जागा परत येत नाही. आणि काही विचारायचं तर मुलीने स्वतः विचारायचं, आजीने नव्हे. सतरा वर्षांची पोर कॉलेजला मोठी. आमच्या घरात मात्र ती दोन आठवडे मागे राहण्याइतकी मोठी नव्हती, कारण मी तसं ठरवलं. हसून ठरवलं.

या कागदाची घडी मी पिठाच्या डब्यात ठेवणार आहे. बाईने विचारलं, तिला सांगणार का? मी म्हटलं, सांगायला तिच्याच हाताने लिहून घ्यावं लागेल ना. मला दुसरं कुठे येतं?

६ ऑगस्ट, गुरुवार

अठरा दिवस वही उघडली नाही. नेरे विचारायची, आजी, आज? मी म्हणायची, आज माझ्याकडे बोलायला काही नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शतावरी संपून आता ब्लूबेरी. सोमवारपासून नेरे पॅकिंगच्या शेडमध्ये उभी असते. मुकादम म्हणतो, मुलगी हुशार आहे, पुढच्या वर्षी मोजणीवर घेऊ. त्याने हे मला बक्षीस सांगावं तसं सांगितलं. झगा ट्रंकेच्या तळाशी आहे. मी तो बाहेर काढत नाही, आणि तीही विचारत नाही.

आज मी तिला म्हटलं, "बस. वही घे. पेन ठेव. पेन्सिल घे."

तिचा हात पेनावर तसाच राहिला.

"पेन्सिल, आजी?"

"पेन्सिल. तळाशी, बारीक अक्षरात."

 मग तिने पिठाचा डबा पाहिला, मी मांडीवर धरलेला, आणि त्यातून निघालेला कागद. तिने तो वाचला. डावीकडून उजवीकडे, मग परत पहिल्यापासून.

लिही. पिवळ्या कागदावरचा क्रूस माझा आहे. एपिफानियोला मी जन्म दिला, कान मी लावले, आणि त्याच्यापासून तुला मीच वाचवलं. तू खरं तेच सांगत होतीस, "परीक्षेचं आहे," शब्द हेच होते, बाईने वाचून दाखवले. मी हसायच्या घाईत होते. माझी आयुष्यभर सवय, जे कळत नाही त्याला हसायचं, म्हणजे आपल्याला कळत नाही हे कुणाला कळत नाही.

"आजी, बास."

लिही. रडायचं ते पान सोडून रड, ओलं झालं की पेन्सिल उमटत नाही.

मग विचारलं, "चौदा मेला प्रोफेसर काय विचारणार होता?"

"एकच प्रश्न होता. आधीच सांगितला होता सगळ्यांना." ती नाक पुसत म्हणाली. "ज्याची वही लिहिली, त्या माणसाबद्दल असं काय कळलं जे त्याने सांगितलं नाही?"

"उभी राहा. उत्तर दे."

ती उभी राहिली. शेडचा ॲप्रन, हात कोपरापर्यंत निळे.

"की ती माझ्यासाठी गाडीवर बसली असती."

"चूक," मी म्हटलं. "ते मी चौदा एप्रिलला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तुम्ही हसलात. न सांगितलेलं सांग."

 बाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"की ती दार लोटून स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर गिरवते," नेरे म्हणाली. "आणि मी आत जायला हवं होतं."

"बरोबर. तीन क्रेडिटं."

ती बसली. मी म्हटलं, आता पुढचं लिही : ही क्रेडिटं कुठेही चालणार नाहीत. तिचा हात थांबला. पेन्सिलीचा आवाज बंद झाला की मला लगेच कळतं, तेवढं वाचायला मी शिकलेय.

लिही, नेरे.

लिहिलं, आजी.